दोरवाला बिभीषण

राहुरीच्या पलीकडच्या सहा-सात गावांत विहिरीत मोटार पडली, बादली गेली, शेळी गेली, नाहीतर माणूस गेलं, की फोन एकालाच जायचा. बिभीषण गागरेला. "दोरवाले, चला, लई तातडीचं हाय." दोरवाले निघायचे. पण पाण्यात उतरायचा दुसराच, अजिनाथ हारदे. बिभीषण काठावर बसून दोर धरायचा. स्वतः त्यानं छप्पन्न वर्षांत गुडघ्याच्या वर पाणी अंगाला लागू दिलेलं नाही. आंघोळ करायचा तीही तांब्यानं, लांबूनच, उसावर औषध मारावं तशी.

कुणी खिजवलं, "दोरवाले, पवता येत न्हाई व्हय तुमाला?" की तो पान थुंकून म्हणायचा, "मला कशाला यायला पायजे? अजिनाथ बुडला तर मी हाय. दोगंबी खाली गेलो तर दोर कोन धरनार? बोल की, बोल की." प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची त्याला खोडच होती. एकदा सांगितलं तर ते विहिरीत पडून जाईल, असं त्याला वाटत असावं.

दोघांच्या कामाची रीत ठरलेली होती. काठावर आसरांना, पाण्यातल्या साती देवींना, हळदकुंकू वाहायचं. अजिनाथनं कमरेला दोर बांधायचा, पोटाशी धोंडा धरायचा आणि सुटायचं. खाली मोटार हाताला लागली की त्यानं दोराला एक हिसका द्यायचा, दोर कमी पडला की दोन. आणि वर कधी यायचं? ते अजिनाथनं ठरवायचंच नाही. ते बिभीषण ठरवणार. धोंडा पाण्यात शिरला की बिभीषणाचे ओठ हलायला लागायचे. खळ्यात धान्य मापताना मोजतात तसं, "लाभ, दोन, तीन, च्यार…" ऐंशी झाले की ओढ. खाली सोन्याचा हंडा सापडलेला असला तरी ओढ. मालक हातापाया पडायचे, "आरं, जरा थांब, घावतीय आता." बिभीषण ऐकायचा नाही. बुडी मारणाऱ्याला खाली गेल्यावर अक्कल राहत नाही, त्याला नेहमी ‘आणखी एकच घटका’ पाहिजे असतं, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. अजिनाथ वर यायचा तो बिभीषणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पण यायचा. कमरेला दोर आहे म्हटल्यावर यावंच लागतं.

तीस वर्षं हे चाललं. लोकांनी अजिनाथला हजारदा विचारलं, "खाली काय दिसतं रं?" पोरंसोरं तर पाठच सोडायची नाहीत. अजिनाथ डोळे मोठे करून सांगायचा, "आसरांचा वाडा हाय खाली. दारात समया. साती जनी झोपाळ्यावर बसल्यात. मला म्हनत्यात, ये रं अजिनाथा, च्या घे." सगळ्यांत जास्त हे खरं वाटायचं ते त्याच्या पोरीला, पंकजाला. ती काठावर बिभीषणाला चिकटून बसायची आणि विचारायची, "काका, तात्याला आत्ता समया दिसत असतील का?" बिभीषण मोजणी न थांबवता मान डोलवायचा. "सव्वीस… व्हय व्हय… सत्तावीस."

खरं काय ते बिभीषणालाच ठाऊक होतं. अजिनाथ एकदा बांधावर बिडी ओढताना बोलला होता. "काय दिसत न्हाई रं. नुसता काळा चहा. डोळं मिटून शिरायचं आन आंधळ्यावानी चाचपायचं. तीस वरसं पान्यात गेली, पन पानी म्हनून आतून कसं असतं ते काय बगितलं न्हाई."

तीन वर्षांपूर्वी श्रीगोंद्याकडच्या एका उसाच्या मळ्यात हे सगळं संपलं. विहीर तुडुंब होती. मालक अगत्याचा. त्यानं काठावरच चहा आणला, बशीत ओतून बिभीषणाच्या हातात दिला. बिभीषण नको नको म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि घेतला. एका हातात बशी, एका हातात दोर. धोंडा सुटला, दोर मुठीतून सर्रकन पळाला, आणि बशी न सांडता दोर आवळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात अजिनाथ एका दमात पंचवीस फूट खाली गेला. वर आला तेव्हा उजव्या कानातून रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आला होता. बिभीषण म्हणाला, "दोर ओला व्हता. सटाकला. सटाकला." अजिनाथ म्हणाला, "हुतं आसं."

नगरच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून सांगितलं की पडद्याला भोक पडलंय आणि ते बुजणारं नाही. डोक्यावरून आंघोळ करायची तरी कापूस घालायचा. पुन्हा खोल पाण्यात गेलात आणि पाणी आत शिरलं तर गरगरेल, वर कुठं आणि खाली कुठं ते कळणार नाही. बाहेर आल्यावर अजिनाथनं बिभीषणाचा दंड धरला. "ह्यातलं कुनाला बोलायचं न्हाई. पंकीला तर न्हाईच न्हाई. तिला कळलं तर पाण्यानं बाप आर्धा खाल्ला म्हनून रडत बसल." गावाला त्यानं सांगून टाकलं, आता मन लागत नाही, वय झालं. गावानंही मानलं.

आणि आता यंदाच्या फेब्रुवारीत पंकजाचा फोन आला. ती शिक्षिका झाली होती, नेमणूक मालवणला. जिल्हा परिषदेच्या शाळेत दीड वर्ष झालं होतं आणि "हाय, न्हाई" सोडून "आसा, नाय" शिकत होती. तिनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. समुद्राच्या आत एक माणूस, तोंडाला नळी, डोळ्यांना काच. पाणी निळं. पिवळे-काळे पट्टेवाले मासे त्याच्या बोटांतून आरपार चाललेले. अजिनाथनं तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. बिभीषण शेजारी बसून मोजत होता, सवयच ती.

"तात्या, त्यात तुमचं नाव घातलंय," पंकजा फोनवर खिदळत होती. "रविवारी सकाळी आठला. आसरांचा वाडा बघायचा ना? काकांनाही आणा. काका होडीत बसतील."

शुक्रवारी दोघं एसटीनं निघाले आणि शनिवारी सकाळी मालवणला उतरले. शनिवार सगळा आरामाचा, असं पंकजानं जाहीर केलं होतं. आरामाचा म्हणजे काय, ते दोघांनाही नीटसं कळलं नाही. घरी आराम म्हणजे बाजेवर पडणं. इथं आराम म्हणजे चालणं. पंकजा पुढं, हे दोघं मागं. बंदर बघा, किल्ला बघा, होड्या बघा, काजूचं दुकान बघा. अजिनाथ नव्या पांढऱ्या पायजम्यात, वाळूत चप्पल हातात घेऊन, लग्नाला निघाल्यासारखा चालला होता. दर दहा पावलांवर थांबायचा आणि पाण्याकडं बघायचा.

"तळ दिसतोय रं, बिभ्या. काठाला तळ दिसतोय. दगुड मोज."

"दिसतोय, दिसतोय," बिभीषण म्हणायचा. त्याला दिसत होता तो अजिनाथचा उजवा कान. त्यातला कापूस अजिनाथनं सकाळीच काढून टाकला होता.

दुपारी जेवायला पंकजाच्या घरमालकीण राजेश्वरीताईंकडं. ताईंचा आवाज असा की त्या स्वयंपाकघरातून बोलल्या तरी होडीवरचा माणूस वळून बघेल. "गे पंकजा, तुझ्या बापाशीक विचार, बांगडो होयो काय सुरमय? आणि ते दुसरे, ते कित्याक असे बसलेत? तब्येत बरी नाय?"

"काका मटनवाले आहेत," पंकजा हसली.

"घाटावरचे ना. काट्याक भियतत."

बिभीषण काट्याला भीत होता हे खरंच. त्यानं तुकडा तोंडात घातला, जिभेनं एकेक काटा चाचपून काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावला. ताईंनी गुलाबी कढी पुढं केली. "वायच कढी घेवा, कोकमाची आसा. घशातला सगळा खाली जाता." त्यानं घेतली, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "चांगली हाय, चांगली हाय. आमच्याकडं ताक गुलाबी झालं तर वतून देत्यात."

सगळे हसले. अजिनाथ सगळ्यांत जास्त हसला. तीन वर्षांत तो असा हसला नव्हता, आणि ते बघून बिभीषणानं हातातला तुकडा पुन्हा ताटात ठेवला. एक शब्द बोललो, की हे हसणं इथंच थांबणार. नाही बोललो, तर उद्या आठ वाजता हा माणूस फुटका कान घेऊन समुद्रात जाणार. जेवून हात धुताना त्यानं अजिनाथला मोरीपाशी गाठलं.

"आज्या, कान."

"काय कान?"

"डाक्टर काय म्हनलाय ते इसरला का? गरगरलं म्हंजे? वर-खाली कळंना म्हंजे?"

"कोन तरी हात धरून असतो म्हनं खाली. काय हुत न्हाई."

"आरं, पन पंकीला तरी…"

"बिभ्या," अजिनाथ हळूच म्हणाला, "आर्धा तास. आर्ध्या तासात काय जायाचा त्यो कान जाऊ दे. तसंबी कुठं ऐकू येतंय त्यानं. डोळं हायेत न्हवं?"

बिभीषणानं तांब्यातलं उरलेलं पाणी हातावर ओतलं. बशी आठवली. बशीतला चहा किती गोड होता तेही आठवलं.

संध्याकाळी पाचला पंकजा दोघांना किनाऱ्यावरच्या झोपडीत घेऊन गेली. तिथला माणूस तांडेल. उघडा, काळा तुकतुकीत, गळ्यात शिट्टी, आणि तोंड असं चालायचं की मधे स्वल्पविराम नाही. पाहुण्यांसाठी पाठ केलेलं, त्यात निम्मं मालवणी सांडलेलं.

"नमस्कार नमस्कार बसा बसा. काय टेन्शन घेव नका फुल सेफ्टी. पोवाक येवची गरज नाय. मी बाजूक असतलंय. मासे बघूचे फोटो काढूचे वर येवचा. व्हिडिओ मोबाईलवर मिळतलो. मॅडम फॉर्म."

पंकजा फॉर्म वाचायला लागली, शाळेत प्रश्न विचारतात त्या आवाजात. "दमा आहे का?"

"न्हाई."

"बीपी?"

"न्हाई."

"हृदयविकार? शस्त्रक्रिया?"

"न्हाई न्हाई."

"कानाचा काही त्रास?"

अजिनाथनं बिभीषणाकडं बघितलंसुद्धा नाही. "न्हाई," तो म्हणाला. पंकजानं ‘नाही’वर खूण केली आणि बापाची सही घेतली.

"आता वायच प्रॅक्टिस," तांडेल म्हणाला. "खाली गेल्यावर कानात दाब येता. नाक धरा, तोंड बंद, आणि फुंका. कानात टक् झाला की झाला. करा आजोबा."

अजिनाथनं नाक धरलं, गाल फुगवले आणि फुंकलं.

तांडेल डावीकडं होता. पाठीमागं कुणाच्यातरी होडीचं इंजिन फटफटत होतं. पंकजा फोटो काढत होती. उजवीकडं, कानापासून वीतभर अंतरावर, फक्त बिभीषण होता. त्याला ऐकू आलं. सूंऽऽऽ. सायकलच्या ट्यूबला सुईएवढं भोक पडलं की हवा जशी जाते तशी, बारीक, एकसारखी. अजिनाथच्या कानातून हवा बाहेर येत होती.

"झाला टक्?" तांडेल म्हणाला.

"झालं," अजिनाथ म्हणाला. आणि आता मात्र त्यानं बिभीषणाकडं पाहिलं. विनवणी नाही, दम नाही. नुसतं पाहिलं.

"एकदम फर्स्ट क्लास. आजोबा तर जवानांक मागे टाकतले. उद्या साडेसातला हंयसर."

पंकजा बापाला घेऊन पाण्याच्या कडेनं पुढं गेली. वडील काय नि मुलगी काय, दोघंही वाळूत पाय ओढत, लाटेला लाथा मारत. बिभीषण झोपडीतच रेंगाळला. तांडेल रबरी कपडे वाळत घालत होता.

"दादा, एक इचारू का? एक इचारू का?"

"विचारा की."

"खाली जानाऱ्याच्या कमरंला दोर असतो न्हवं?"

"दोर कित्याक? मी हात धरलेलो आसता."

"मग वर कवा काढता? मोजता का काय?"

"मोजूक कशाक होया? गेस्टाक बरा नाय वाटला तर तो आंगठो वर करता. मग मी वर घेऊन येतंय."

"म्हंजे… त्यो म्हनल तवाच?"

"होय तर. गेस्ट म्हणतलो तेवाच."

बिभीषण अजिनाथला ओळखून होता. अजिनाथ आंगठा वर करणार नाही. डोकं गरगरलं, तळ डोक्यावर आला, तरी करणार नाही. तीस वर्षांत ज्यानं स्वतःहून एकदाही वर यायचं नाव काढलं नाही तो पिवळे मासे समोर असताना काढेल? आणि त्याच्या जागी ठरवणारा कुणी नाही. म्हणजे ठरवायचं तर आत्ताच, इथं, कोरड्या वाळूत उभं राहून.

तो रबरी कपड्यांकडं बघत उभा राहिला. गप्प राहणं किती सोपं होतं. सकाळी होडीत बसायचं, भजी खायची, वर आला की टाळ्या वाजवायच्या. आणि वर आला नाही तर? पुन्हा एकदा मनाशी म्हणायचं, माझा हात रिकामा नव्हता?

"त्याच्या उजव्या कानाला भोक हाय," बिभीषण म्हणाला. "पडदा फुटलाय. डाक्टरनं पान्यात जायाचं न्हाई म्हनून सांगितलंय."

एकदाच म्हणाला.

तांडेलनं फॉर्म काढला, घडी घातली आणि खिशात टाकला. "मगे माका जमूचा नाय," तो साध्या आवाजात म्हणाला. पाठ केलेलं सगळं गळून गेलं होतं. "बरा केलास सांगितलंस. पण मॅडमना?"

"मी बगतो. तुमी कायबी सांगा. लाटा मोठ्या हायेत म्हना, होडी मोडली म्हना."

"उद्या बाकीचे जातले ना. मगे मॅडमना काय सांगू?"

बिभीषण चपला उचलून वाळूतून चालायला लागला.

बिभीषण घरी पोहोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. राजेश्वरीताईंच्या मागच्या अंगणात अजिनाथ एकटाच होता. पंकजानं आणलेली निळी अर्धी चड्डी त्यानं दोरीवर टांगली होती आणि तिच्या कडा हातानं सारख्या करत होता.

"ही घालून गेलो तर गावात त्वांड दाखवायची सोय न्हाई बग," तो म्हणाला.

"आज्या, मी वडला तुला."

अजिनाथला समजायला वेळ लागला नाही. धंद्यातली भाषा होती. त्याचे हात चड्डीवर तसेच राहिले. बिभीषण शिव्यांची वाट बघत उभा राहिला. आई, बाप, आजा, पणजा, सगळ्यांना तयार ठेवून.

"मी आजून उतरलोबी नव्हतो रं," अजिनाथ म्हणाला.

एवढंच. बिभीषणाला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. "त्या दिवशी सिरीगोंद्याला," तो घाईघाईनं बोलायला लागला, "दोर ओला नव्हता. माज्या हातात…"

"आता ते काडू नगं."

"आरं, पन ऐक तरी, ऐक तरी…"

"काडू नगं म्हनलं ना." अजिनाथनं चड्डी दोरीवरून ओढली, घडी केली, पुन्हा घडी केली, तिची वीतभर चौकोनी गुंडाळी होईपर्यंत घड्या करत राहिला. "पंकीला सांगितलं?"

"न्हाई. तूच सांग. न्हाईतर मी सांगतो."

"कानाचं न्हाई सांगायचं."

"मग काय सांगनार?"

अजिनाथ आत गेला. पंकजा पुढच्या खोलीत वह्या तपासत बसली होती. दार उघडं होतं. बिभीषण अंगणात उभा राहून सगळं ऐकत होता, न ऐकण्याची सोय नव्हती.

"पंके, उद्याचं राहू दे."

"का हो तात्या?"

"भ्या वाटतंय."

पंकजा मोठ्यानं हसली. "तुम्हाला? तात्या, सत्तर फुटांच्या विहिरीत रात्रीबेरात्री उतरायचात तुम्ही!"

"ती इहीर व्हती. हे लई मोठं हाय. पार दिसंना कुठं संपतंय. मगाशी ते नाक धरून फुकलं ना, तवाच छाती धडाधडा उडाया लागली." अजिनाथ भिणाऱ्या माणसाचा आवाज काढायचा प्रयत्न करत होता. आयुष्यात कधी काढलेला नव्हता, त्यामुळं जमत नव्हता. मधेच चढायचा, मधेच पडायचा. पण पंकजाला ते भीतीसारखंच ऐकू आलं असावं, कारण तिचं हसू हळूहळू विरलं.

"खरंच?" ती म्हणाली. मग तिनं हाक मारली, "काका! इकडं या बरं. तुम्हीच सांगा यांना. तुम्ही तीस वर्षं बघताय."

बिभीषण दारात आला. अजिनाथ खाली फरशीकडं बघत होता. पंकजा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, लहानपणी काठावर बसून बघायची तशीच, काका सांगतील ते खरं धरायच्या तयारीत.

"खरंच घाबरले का हो तात्या?"

"व्हय," बिभीषण म्हणाला. "भ्यालाय त्यो. लई भ्यालाय."

पंकजानं तांडेलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "सॉरी दादा, वडिलांना जरा भीती वाटतेय, उद्या नाही जमणार." पलीकडून तोच पाठ केलेला आवाज, स्वल्पविराम नसलेला, "काय हरकत नाय मॅडम होता असा कधी कधी गेस्ट घाबरतत टेन्शन घेव नका परत कधी येवा." फोन बंद झाला.

पंकजा उठून बापाशेजारी खाली बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. पहिलीतल्या पोराला शाळेच्या पहिल्या दिवशी समजावतात, त्या आवाजात म्हणाली, "असू दे तात्या. भीती वाटण्यात काही वाईट नसतं. पुढच्या वर्षी जाऊ. मी येईन बरोबर, तुमचा हात धरून."

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "फुडच्या वर्षी."

आतून राजेश्वरीताईंनी विचारलं की भाकरी तांदळाची चालेल ना. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा बिभीषण म्हणाला, चालेल.